रबराचं बूच

डोळे उघडले तर काचेच्या दारापलीकडे हे उभे. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली, पायांत चपला तशाच, आणि चेहरा असा पांढराफटक की मला वाटलं, मुलीकडून काहीतरी फोन आलाय. व्हायोलिनचा गज तारेवर जिथल्या तिथे राहिला. आमचे हे घाबरणाऱ्यातले नाहीत. मुलगी झाली त्या दिवशी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, की दोघींपैकी एकीचं काही सांगता येत नाही, तेव्हाही यांनी म्हणे फक्त पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारलं. तो माणूस आज स्वतःच्या घरात, भर सकाळी, बायको व्हायोलिन वाजवताना पाहून भिंतीला टेकला होता. पिशवी सुटली. बटाटे घरंगळत सोफ्याखाली गेले आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता वाकून ते कोण काढणार. काय म्हणावं या डोक्याला! दुसरा विचार मात्र बटाट्यांचा नव्हता. बूच. बूच माझ्या गाऊनच्या खिशात होतं, आणि मी उघडं वाजवत होते.

बूच हे माझं नाव. आमची शिकवणारी त्याला म्यूट म्हणते. काळ्या रबराचा जाड तुकडा, खाली खाचा असलेला. व्हायोलिनच्या तारा ज्या लाकडी घोडीवरून जातात, त्या घोडीवर तो घट्ट बसवायचा, की झालं, वाद्याचं तोंड बंद. वाजवणाऱ्याला आपलं आपल्याला जेमतेम ऐकू येतं, डबीत कोंडलेल्या माशीसारखं. मी शिकायला लागले तेव्हापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, घरी रोज हे बूच लावूनच वाजवलं आहे. तेही घरात नाही, काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत, सरकतं दार ओढून घेऊन, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली मान तिरकी करून. आज रविवार, सकाळच्या वर्गात शिकवणारी म्हणाली, "काकू, तुम्ही गज असा ओढता जसं काही शेजारच्या खोलीत तान्हं बाळ झोपलंय. आज घरी जाऊन एकदा तरी उघडं वाजवा. घर पडणार नाही." ती माझ्या मुलीपेक्षा लहान आहे आणि मला न घाबरता बोलते, म्हणून मला आवडते. हे बाजारात गेले की तासभर येत नाहीत. म्हटलं, बघू तरी. बूच काढलं, खिशात टाकलं, डोळे मिटले आणि गज ओढला.

तो आवाज! वर्गात मी दहाबारा पोरांच्या घोळक्यात वाजवते, माझ्या एका बाजूला पुढचे दोन दात पडलेली मुलगी आणि दुसऱ्या बाजूला तिची वरचढ मैत्रीण, त्यात माझं असं काही कधी कानावर आलंच नव्हतं. आज आलं. हनुवटीच्या हाडातून, दातांतून, छातीच्या पिंजऱ्यातून काहीतरी मोठं, खरखरीत, माझ्यापेक्षा धिप्पाड बाहेर पडलं आणि काचा थरथरल्या. मी दचकले. चोरासारखं वाटलं, आणि तरी थांबवेना. दातांच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं माझं, लोकांच्या कवळ्या घडवण्यात. मेणात एकेक दात बसवायचा, वाटीत प्लॅस्टर कालवायचं, पाठ वाकवून केसभर इकडे केसभर तिकडे करत राहायचं. तिथे बोलायची गरज नाही. घरी बोलावं तर ऐकणारा नाही. चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्यातून एवढा मोठा आवाज निघाला होता आणि मला लाज वाटत होती, आनंद होत होता, आणि वर्गात शिकवलेली संथ धून मी शेवटपर्यंत वाजवली. डोळे उघडले तर हे.

मला वाटलं, चिडलेत. दुसरं काय वाटणार? आमच्या घरी शांतता ही यांची वस्तू. हे बस डेपोत इंजिनाचे फिटर. तिथे यांना नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे 'कान' म्हणायचे. कानाला बोलवा, कानाला दाखवा. लांब लोखंडी सळईचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानाच्या हाडाला लावायचं, आणि डोळे मिटून सांगायचं, मागचं बेअरिंग गेलंय. खोललं की तेच निघायचं. सही करून हे गाडी सोडणार आणि मगच ती घाटाला लागणार. असा दिवसभर इंजिनांच्या गोंगाटात कान लावून बसलेला माणूस घरी आल्यावर म्हणाला, की आता कानांना जरा शांतता हवी, तर त्यात वावगं काही नव्हतं. मुलगी शाळेत असताना हेच व्हायोलिन वाजवायची. जिन्यापर्यंत ऐकू जायचं. एका संध्याकाळी हे दमून आले आणि म्हणाले, "बाळा, आज जरा राहू दे." आजच म्हणाले होते, रोज नव्हे. पण पोरगी माझ्यावर गेलेली, तिने पेटी बंद केली ती कायमची. लग्न होऊन दूर गेली, पेटी माळ्यावर राहिली. माळा आवरताना मला ती सापडली आणि काय डोक्यात शिरलं कोण जाणे, मी शिकायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी दुकानातून तारांबरोबर बूच आणलं. यांना त्याबद्दल बोलले नाही. बोलायचं काय? मी यांच्या कानांची काळजी घेतेय हे यांना समजत असणारच, असं मी धरून चालले. संसारात आम्ही कितीतरी गोष्टी अशाच धरून चाललो.

आणि हे रोज ऐकायला बसायचे! हीच तर गंमत होती. मी संध्याकाळी बाल्कनीत शिरले की हे वेताची खुर्ची ओढून काचेसमोर आणायचे, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या. सुरुवातीला मला कसंतरी झालं. बूच लावलेलं, वर दार बंद, मला मेलीला धड ऐकू येत नाही, आणि यांना पलीकडे काय ऐकू येणार? मग म्हटलं, अगं, तो 'कान' आहे. फाटकातून गाडी आत यायच्या आधी तिचं दुखणं सांगणारा माणूस. बूच लावून एवढं, तर उघडं वाजवलं असतं तर बिचाऱ्याचं डोकंच उठलं असतं. म्हणून मी बूच आणखी घट्ट दाबून बसवायची. वाजवून बाहेर आले की हे डोळे उघडून म्हणायचे, "छान झालं." रोज तेवढंच. चुकलं तरी छान, अडखळलं तरी छान. कधी मला राग यायचा, की त्या मेल्या इंजिनाच्या दहा खोड्या सांगता, माझी एक सांगा. पण खोटं कशाला बोलू, त्या दोन शब्दांसाठी मी लॅबमधून धावत घरी यायची. आपलं कोणीतरी मन लावून ऐकतंय, हे मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच गोष्टीत मिळालं नव्हतं.

कारण बाकी सगळ्यात यांचं ऐकणं बंदच होत चाललं होतं. त्याच सुमाराला माणूस बदलला. पत्त्यांचा अड्डा सोडला. मुलीचा फोन आला की "तू बोल" म्हणून मला द्यायचा आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. पाहुणे आले की हसून मान डोलवायची. मी काही सांगू लागले की "हं." मी म्हणायची, भिंत बरी, भिंत निदान आपलेच शब्द परत देते. मग एक दिवस हे जेवताना म्हणाले, "मी राजीनामा दिलाय. कंबर दुखते." दोन वर्षं झाली त्याला. कंबर! ज्या माणसाने गॅसची टाकी कधी मला उचलू दिली नाही, त्याची कंबर. मी भांडले, रडले, चार दिवस अबोला धरला. मुलगी म्हणाली, "आई, वय झालं बाबांचं, सोड ना." मी सोडलं. सळई घरी आली आणि दाराआड उभी राहिली, छत्रीशेजारी. तिच्यावरची धूळ मी पुसत असे, का ते माहीत नाही.

दार सरकलं. हे आत आले, चपलांसकट, आणि कपड्यांच्या बादलीवर झाकण होतं त्यावर बसले. मी म्हटलं, "चुकलं माझं, मला वाटलं तुम्ही बाजारात..." यांनी हात वर करून मला थांबवलं.

"हे आत्ता तू वाजवलंस?"

"मग काय शेजारणीने?"

"वाजव. परत वाजव."

मी एक सूर ओढला. लांब. यांचं तोंड वेडंवाकडं झालं, हसू की रडू कळेना, आणि यांनी दोन्ही तळहात दोन्ही कानांवर ठेवले, काढले, ठेवले, काढले, लहान मुलं समुद्रावर करतात तसं. "आलं," हे म्हणाले. "जिन्यात होतो तेव्हाच आलं. मला वाटलं, कोणाकडे तरी लावलंय. दार उघडलं तर तू. परत आलं गं. परत आलं!"

"काय परत आलं?"

आणि माणूस बोलायला लागला. तीन वर्षं "हं" करणारा माणूस बादलीवर बसून असा बोलत होता, जसं कोणी नळाची चावी तोडलीये. "तू पहिल्या दिवशी वाजवायला बसलीस ना, तेव्हा मी पेपर वाचत होतो. वर बघितलं तर हात हलतोय, गज हलतोय, आणि आवाज नाही. काहीच नाही. मला वाटलं, नुसताच हात बसवतेयस. दुसऱ्या दिवशी पण तेच. मग मी खुर्ची घेऊन जवळ बसलो. पोरगी वाजवायची तर जिन्यापर्यंत यायचं, आणि आता चार हातांवर बायको वाजवतेय आणि मला ठणठण गोपाळ. बारीक आवाज आधी जातात गं. डेपोतल्या त्या रंगाऱ्याचं नाही का झालं. आधी पक्षी गेले, मग घंटी गेली, मग बायको." हे स्वतःच हसले. "मग फोनवर पोरीचा, पत्त्यांत कोणाचा एखादा शब्द निसटला तरी वाटायचं, हेही चाललं. आणि बेअरिंग जायला लागतं ना, ते आधी बारीकच बोलतं. मोठ्याने बोलेपर्यंत उशीर झालेला असतो. मी सळई लावायचो आणि काही ऐकू नाही आलं, तर मला कळायचं नाही, की गाडी चांगली आहे म्हणून नाही आलं, की मलाच येत नाही म्हणून. एकच गाडी तीनदा परत बोलावली मी. पोरं हसायला लागली. बस भरून माणसं असतात आत. कोणाच्या भरवशावर सही करू?"

"कानाच्या डॉक्टरकडे नाही गेलात?"

"आणि त्याने लिहून दिलं असतं म्हणजे? कान म्हणायचे मला तिथे." खाली बघून हे म्हणाले, "तुला काय सांगणार होतो? तू एवढी हौसेने शिकत होतीस, आणि मी म्हणू, मला ऐकू येत नाही? रोज बसायचो. म्हटलं, आज येईल, उद्या येईल. तुझा हात थांबला की समजायचं, संपलं. मग म्हणायचं, छान झालं."

माझा डावा हात गाऊनच्या खिशात होता. कधी गेला मला माहीत नाही. रबर अंगाच्या उबेने कोमट झालं होतं. बोटं त्याच्या खाचांवरून फिरत होती, एक खाच, दुसरी खाच, मेणातला दात चाचपावा तशी, आणि डोक्यात काहीच नव्हतं, नुसती शीळ वाजत होती, कुकरची शिट्टी अडकावी तशी. कोणालाच ऐकू आलं नसतं. बूच लावून, काच बंद करून, जगातल्या कुठल्याच कानाला ऐकू आलं नसतं. हे एवढं एक वाक्य माझ्या डोक्यात पोचायला किती वेळ लागला! यांच्या कानांना काही झालंच नव्हतं. मी केलं होतं. यांच्या कानांची काळजी घेऊन घेऊन मी यांचे कान काढून घेतले होते, नोकरी घेतली होती, पत्ते घेतले, मुलीचा फोन घेतला, आणि वर चार दिवस अबोला धरला होता. आणि यांनी? यांनी माझे ते दोन शब्द घेतले. छान झालं. एकदाही ऐकलं नव्हतं. धावत यायची मी, बाई, धावत यायची, आणि काचेपलीकडे एक माणूस स्वतःचं बहिरेपण तपासत बसलेला असायचा. मला हसू फुटलं असतं तर बरं झालं असतं. मी कठड्याला धरलं.

हे तोवर उठून घरभर फिरायला लागले होते. नळ सोडला, बंद केला. चमचा कपावर वाजवला. फ्रिजला कान लावून उभे राहिले आणि ओरडले, "अगं, हा कॉम्प्रेसर जाणार आहे! ऐकतेस? महिनाभरात जाणार!" आवाजात डेपो होता, जुना, तेलकट. "उद्याच जातो. साहेबांना सांगतो, कान परत आला. ठेवतील की नाही कोण जाणे, पण सांगतो तर खरं." दाराआडची सळई यांनी हातात घेतली आणि तिचं टोक बोटाने पुसलं. असा चेहरा मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिला होता. मला वाटलं, गप्प बस. रबर कचऱ्यात टाक, केरवाली घेऊन जाईल, आणि या माणसाला देवाने परत दिलंय असं समजू दे. सोपं होतं. तोंड मिटून राहण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. पण मग उद्या कधीतरी सळई लावल्यावर एखादी गाडी खरोखरच निरोगी असेल, आणि काही ऐकू येणार नाही, आणि हे पुन्हा तिथेच उभे राहतील, की गाडी चांगली की मी गेलो. आलेला कान पुन्हा जाऊ शकतो. न गेलेला कसा जाईल? आणि यांना सांगून पटत नाही, कधीच पटलं नाही. खोलून दाखवावं लागतं.

"इकडे या," मी म्हटलं. "ती सळई ठेवा खाली आणि इकडे या."

मी रबर यांच्या तळहातावर ठेवलं. हे काय, म्हणून यांनी ते उलटंपालटं केलं. मी व्हायोलिन पुढे धरलं, घोडीवर बोट ठेवलं. "इथे बसवा. दाबून." सांगावं लागलं नाही, यांच्या बोटांनी खाचा बरोबर ओळखल्या. मी वाजवलं. डबीतली माशी. यांनी बूच काढलं. मी वाजवलं, काचा थरथरल्या. यांनी लावलं. माशी. काढलं. लावलं. किती वेळा केलं मी मोजलं नाही, आणि प्रत्येक वेळी यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. मग यांनी बूच तसंच राहू दिलं, बाहेर गेले, दार स्वतः ओढून घेतलं, खुर्ची काचेसमोर आणली आणि बसले. हात गुडघ्यांवर. पण डोळे उघडे. मला खूण केली, वाजव. मी ती सगळी धून वाजवली. माझे डोळे वाहत होते आणि हनुवटीखालचं लाकूड ओलं झालं होतं. काचेपलीकडे हे माझ्या हाताकडे बघत होते, तीन वर्षं बघितलं तसं. धून संपली. हे उठेनात.

मी दार सरकवलं.

"रोज?" यांनी विचारलं.

"रोज."

"का?"

"तुमच्या कानांना त्रास नको म्हणून."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हात उगारतील, जन्मात कधी उगारला नाही तो. मग हे व्हायोलिनकडे वाकले, बूच उपटून काढलं, मुठीत घेतलं, आणि ती मूठ स्वतःच्या गुडघ्यावर आपटली, एकदा, दोनदा. "एवढंसं," हे म्हणाले. "एवढंसं रबर. मी गाड्या परत बोलावत होतो. पोरं हसत होती. बाई, बोलायचं तरी होतंस!" आणि मी पण ओरडले, "तुम्ही बोलायचं होतं! छान झालं म्हणे! काय छान झालं? काय ऐकलं होतं तुम्ही?" खालच्या मजल्यावर कोणाची तरी खिडकी बंद झाली. आम्ही दोघं धापा टाकत एकमेकांकडे बघत राहिलो. एवढ्या मोठ्याने आम्ही या घरात कधी बोललो नव्हतो.

मी खाली वाकून सोफ्याखालचे बटाटे काढू लागले, कारण हातांना काहीतरी हवं होतं. हे खुर्चीतच होते, मूठ मिटलेली. डेपोत यांच्या जागी दुसरा आला होता, तो सळई वापरत नाही, यंत्र लावतो. हे मला माहीत होतं आणि यांनाही. उद्याचं काही कोणी बोलणार नव्हतं. मी बटाटे पिशवीत भरले, एक फुटलेला वेगळा काढला.

"खरं सांगू?" पाठीमागून आवाज आला.

"सांगा."

"छान नाही झालं."

मी वळले. हे माझ्याकडे बघत नव्हते. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, कपाळाला आठ्या. हा चेहरा मी तीन वर्षं रोज पाहिला होता, पण आज तो काहीतरी आठवून ऐकत होता. "मघाशी वाजवलंस ना, उघडं. तिसऱ्या बोटाचा सूर कमी पडतो तुझा. दर वेळी. बाकीचं जाऊ दे, ते ऐकवत नाही." शिकवणारी हेच म्हणायची. तिसरं बोट, काकू, तिसरं बोट. पहिल्या महिन्यापासून. पोरांच्या घोळक्यात मला ते कधी ऐकू आलं नाही, आणि घरी बूच होतं.

पिशवी तिथेच ठेवून मी व्हायोलिन उचललं, तिसरं बोट तारेवर टेकवलं आणि गज ओढला. दार उघडंच होतं.

"वर," हे म्हणाले.

मी बोट सरकवलं.

"अजून. केसभर."

केसभर मला समजतं, मी कवळ्या घडवते. बोट केसभर वर गेलं, आणि यांचा मिटलेला हात उघडला, रबर खाली पडून टुणकन उडालं, कोणी उचललं नाही.

"थांब," हे म्हणाले. "हलू नकोस. हां. आता आलं ऐकू."